विंचवाचं विष आणि आपले मज्जातंतू

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं जन्मगाव. त्यांनी रायगडमध्ये, महाडच्या परिसरात, लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशावर उपचार शोधणारे डॉक्टर अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मला मात्र त्यांच्या कामात आपल्या मज्जासंस्थेचा एक मोठा धडा दिसतो. हात उचलणं आपल्या इच्छेवर असतं. घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आवळणं हे सारं स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता सांभाळते. तिची अनुकंपी शाखा शरीराला संकटासाठी सज्ज करते, परानुकंपी शाखा शांत करते. मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा त्याच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियम आत शिरतो आणि दारं लगेच मिटतात. लाल विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. मग संदेश थांबतच नाहीत. आधी दरदरून घाम, लाळ, ओकाऱ्या. पाठोपाठ अनुकंपी शाखेचा अतिरेक. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, त्या दाबापुढे हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे रुग्णाचा जीव मुख्यतः त्याच्याच मज्जासंस्थेच्या बेफाम आज्ञांमुळे जातो.

याचा पुरावा उपचारातच आहे. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विषाला हातही लावत नाही; रक्तवाहिन्यांवर अनुकंपी संदेश जिथे पोहोचतो ती जागा फक्त अडवतं. तरीही ते वापरल्यावर बावस्करांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. यावर कोणी म्हणेल, मग विषावरच प्रतिविष का देऊ नये? द्यावंच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच चाचणीत ७० रुग्ण होते, आणि दोन्ही औषधं मिळालेले रुग्ण केवळ प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर सावरले. पण प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं. आधीच सुटलेल्या आज्ञांचा परिणाम त्याने पुसला जात नाही, म्हणून प्राझोसिनची गरज उरतेच. दुसरा आक्षेप गावोगावी ऐकू येतो: मांत्रिक विंचू उतरवतो, आणि माणूस बराही होतो. होतो, कारण बहुतेक दंशांत फक्त वेदना असते. ती काही तासांनी आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला जातं. ज्याला घाम फुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडू लागले, त्याच्या बाबतीत मात्र मंत्रात गेलेला प्रत्येक तास हृदयावरचा ताण वाढवत असतो. त्याला तडक दवाखान्यात न्यायला हवं, दंशाची जागा फारशी दुखत नसली तरीही.