आठवीनंतरची जिल्हा परिषद

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपल्या मुलखाचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं हा जिल्हा मधोमध कापला आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरलं की मोताळा तालुका लागतो आणि तीच सडक पुढे मलकापूरच्या रेल्वे स्टेशनाकडे जाते. याच तालुक्यात, खानदेशच्या हद्दीकडे, धामणगाव बढे आहे. ते तालुक्याचं ठिकाण नाही आणि शहरही नाही. पण स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं, कपाशी, मका, सोयाबीन पिकवणाऱ्या आसपासच्या खेड्यांचा रोजचा व्यवहार जिथं येऊन मिळतो, असं ते मोठं गाव आहे. शासनाच्या मांडणीत अशा गावाला वेगळी जागा नाही. महसूल खातं तालुका ओळखतं, पंचायत राज ग्रामपंचायत ओळखतं, आणि या दोहोंच्या मधलं मोठं गाव लोकांच्या जगण्यात ठळक असूनही कागदावर इतर खेड्यांसारखंच एक खेडं राहतं. माध्यमिक शिक्षण मात्र नेमकं याच मधल्या पातळीवर घडतं. पहिलीची शाळा प्रत्येक गावात असू शकते, महाविद्यालय तालुक्याला किंवा जिल्ह्याला असू शकतं, पण नववी-दहावी धामणगावसारख्या गावातच होते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेनं मूल आठवीपर्यंत सांभाळायची जबाबदारी घेतली आणि जिथं ते हातातून निसटतं, तिथंच ती थांबली. ही जबाबदारी बारावीपर्यंत न्यायची असेल तर ती जिल्हा परिषदेकडेच, आणि पूर्ण अधिकारांसह द्यायला हवी.

जिल्हा परिषद ही एक शिक्षणसंस्था आहे, हे आपण सहसा विसरतो. रस्ते, पाणी, जनावरांचे दवाखाने आणि निवडणुका यांतच तिची ओळख अडकली आहे. प्रत्यक्षात खेड्यातल्या मुलाची राज्यव्यवस्थेशी पहिली भेट जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं पंचायत राज्याची शिफारस करताना भर तालुक्याच्या पातळीवर दिला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनं वेगळा विचार केला आणि जिल्हा हाच मुख्य घटक धरला. त्यातून १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. वऱ्हाडाला स्थानिक सत्तेच्या हातातली शाळा त्याआधीही नवी नव्हती. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होता आणि तिथं स्थानिक स्वराज्याचा जनपद सभांचा प्रयोग झालेला होता. नव्या रचनेत शिक्षण समिती आली, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, आणि १९९०च्या दशकात दहाएक शाळांच्या गटाला एक केंद्रप्रमुख. प्राथमिक शिक्षणासाठी ही साखळी विचारपूर्वक बांधलेली आहे. एखाद्या वस्तीतल्या दुसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर त्याचा जाब नेमका कुणाला विचारायचा हे या साखळीत ठरलेलं आहे.

माध्यमिक शाळेच्या बाबतीत असं ठरलेलं काहीच नाही. माध्यमिक शिक्षणाधिकारी जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसतात, पण त्यांचं बहुतेक काम खासगी अनुदानित शाळांच्या मान्यता, पदं आणि वेतन यांचं असतं. तालुक्याच्या पातळीवर हायस्कूलचा असा स्वतःचा अधिकारी नाही. याला इतिहास आहे आणि तो अभिमानाचाही आहे. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा मोठ्या प्रमाणावर संस्थांनी उभ्या केल्या. पश्चिमेकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची १९१९ सालची रयत शिक्षण संस्था, इकडे वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था. कुणब्याच्या, माळ्याच्या, बलुतेदाराच्या पोरानं मॅट्रिक व्हावं, ही जिद्द त्या माणसांची होती आणि शासन त्यांच्या मागून आलं. पण संस्थांचं जाळं जिथं धुरीण माणूस होता तिथं दाट झालं आणि नव्हता तिथं विरळ राहिलं. विदर्भ-मराठवाड्यात ही विरळ जागा काही अंशी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलांनी भरली. पुढे २००१ नंतर नव्या शाळांना कायम विनाअनुदानित तत्त्वावर परवानग्या दिल्या गेल्या, म्हणजे शासनानं शाळा मान्य केली पण शिक्षकाचा पगार मान्य केला नाही. पगाराशिवाय वर्षानुवर्षं शिकवणारे शिक्षक आझाद मैदानात बसलेले महाराष्ट्रानं पाहिले आहेत. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि नव्या शाळेचा भार उघडपणे पालकाच्या खिशावर गेला. आठवीनंतरच्या शाळेची मागणी वाढत असताना सार्वजनिक हात मागे घेतला गेला, हा या सगळ्याचा अर्थ आहे.

आठवी ही सीमारेषा कशी पक्की झाली ते पाहण्यासारखं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं. नववीसाठी असा कायदेशीर हक्कच नाही. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. समग्र शिक्षा योजनेतली मोफत पुस्तकंही आठवीपर्यंतच. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी, जेव्हा मुलाची मजुरी शेतात कामी येऊ लागते आणि मुलीच्या लग्नाचं बोलणं घरात सुरू होऊ शकतं, त्याच जूनमध्ये शाळेची खिचडी, पुस्तकं आणि जवळची शाळा एकदम नाहीशी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात पाचातल्या एकीहून जास्त. देशभरची आकडेवारी गळती माध्यमिक टप्प्यावर सर्वांत जास्त असल्याचं वर्षानुवर्षं दाखवते आहे. ही गळती गरिबीमुळे होते, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. गरिबी सातवीतही असते. सातवीत तिला अडवणारं काहीतरी असतं आणि नववीत ते काढून घेतलेलं असतं.

अशा मोठ्या गावातल्या हायस्कूलचं वर्ष जवळून पाहिलं की ती शाळा किती गोष्टी एकटीनं पेलते ते कळतं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. नववीच्या वर्गात चार-सहा गावांची मुलं पहिल्यांदा एकत्र बसतात. त्यांच्यातलं अंतर एकाच पुस्तकावर लगेच उघड होतं. कुणाला दशांश अपूर्णांक पक्के येतात, कुणाला इंग्रजीचं वाक्य जुळवून वाचावं लागतं. प्रार्थना, परिपाठ, प्रतिज्ञा होते आणि लगेच गणिताचा तास सुरू होतो. पण गणिताचा शिक्षक आहे की नाही, हे संचमान्यतेवर ठरतं, म्हणजे पटावरच्या संख्येवर. लहान हायस्कूलात मोजक्या शिक्षकांनी मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं निभवायचं असतं. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयातल्या संचमान्यतेच्या नव्या निकषांवर शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतला तो याचसाठी, की कमी पटाच्या शाळेत पदंच उरणार नाहीत. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला लागला की हजेरीपटावर रिकाम्या चौकटी वाढतात. जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची, आणि जिजाऊंचं सिंदखेडराजा याच जिल्ह्यातलं असल्यानं त्या दिवसाला इथं घरचं मोल आहे. मग प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी, गॅदरिंग, दहावीचे जादा तास, निरोप समारंभ, आणि शेवटी अमरावती विभागीय मंडळाची परीक्षा. या हायस्कूलात गॅदरिंगच्या नाटकात काम करणारी मुलगी पहिल्यांदा आपल्या गावाबाहेरच्या लोकांसमोर उभी राहते. तिथला शिक्षक आठवीतल्या एखाद्या हुशार मुलाला एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवतो आणि त्याची निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये त्याच्या खात्यावर येतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलाला शाळेत ठेवायला पुरते. हे काम कुठल्याही अहवालात नीट दिसत नाही आणि तरी माध्यमिक शिक्षणाचा खरा प्राण तेच आहे.

शाळेच्या भिंतींइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्ता. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या निळ्या एसटी गाड्यांनी मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी जे केलं, ते अनेक इमारतींनी केलं नसतं. २००६ साली बारा जिल्ह्यांतल्या पंचवीस तालुक्यांत सुरू झालेला हा कार्यक्रम २०११ मध्ये बुलढाण्यासह बावीस जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत गेला. गाडी, सायकल, अभ्यासिका: उपाय साधे आहेत आणि ते नेमक्या दुखण्यावर आहेत. पण गाडीचं वेळापत्रक एसटीच्या आगारात ठरतं, जादा तासाचं शाळेत, निधीचं जिल्हा नियोजनात. शाळेनं संध्याकाळी विज्ञानाचा तास ठेवला आणि गाडी आधीच निघून गेली, तर त्या तासाला गावातलीच मुलं बसतात. २०२१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा कोरोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळेपर्यंत पोचायला बाहेरगावच्या मुलींना दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. शाळा आणि गाडी एकाच हाताखाली असती तर निदान पर्याय शोधण्याची जबाबदारी कुणाची, हे तरी ठरलं असतं.

अमेरिकेत असा एक हात आहे. तिथं सुमारे तेरा हजार शाळा-जिल्हे आहेत. बहुतेकांचं मंडळ लोक निवडून देतात, मंडळ अधीक्षक नेमतं, आणि बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या शाळा, पिवळ्या बसगाड्या, जेवण, शिक्षकभरती हे सगळं त्या एकाच मंडळाकडे असतं. उपनगर वाढलं, घरं वाढली की नवं हायस्कूल बांधायला मतदार कर्जरोख्यांना मंजुरी देतात. यावर कुणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची आहे, कारण तिथं शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून येतो आणि श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरीब वस्तीची गरीब राहते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड या गरीब वस्तीतल्या पालकांनी हीच तक्रार न्यायालयात नेली होती आणि १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. म्हणून त्यांची करपद्धत आपल्याला नको. मोताळ्याच्या शाळेचा पैसा मोताळ्याच्या घरपट्टीवर अवलंबून ठेवणं हा अन्याय होईल. राज्यानं पैसा द्यावा, हे आपलं तत्त्वच बरोबर आहे. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: पहिलीपासून बारावीपर्यंतच्या मुलाचा जाब एकाच निवडलेल्या मंडळाला विचारता येतो.

दुसरा आक्षेप पटाचा. लहान शाळा परवडत नाहीत, त्या एकत्र करा, असं शासन म्हणतं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या राज्यात पंधरा हजारांच्या घरात होती आणि त्याच वर्षी पानशेत व तोरणमाळचे नमुने पुढे ठेवून समूह शाळांची कल्पना मांडली गेली. या कल्पनेला मी सरसकट विरोध करणार नाही, पण तिला वयाचं भान हवं. सहा वर्षांच्या मुलाची शाळा त्याच्या वस्तीतच हवी, मग पट सहा असो. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र प्रयोगशाळा, प्रत्येक विषयाचा शिक्षक आणि पन्नास सोबती लागतात, आणि त्यासाठी त्यानं गाडीनं मोठ्या गावात यावं यात काही वावगं नाही. एकत्र करायचं तर हायस्कूल करा, धामणगावसारख्या गावात करा, आणि वाचलेला पैसा तिथल्याच शाळेत घाला. तिसरा आक्षेप पालकांचा: ज्याला परवडतं तो मुलाला कॉन्व्हेंटात घालतो, मग जिल्हा परिषदेवर खर्च कशाला? पण मलकापूर-बुलढाण्याची कॉन्व्हेंटची गाडी फी भरणाऱ्याच्याच दारात थांबते. आणि पालक इंग्रजीपेक्षाही शिक्षकाच्या नेमानं येण्याकडे पाहून निवड करतात, असं मला वाटतं. २०१२ पासूनच्या भरतीबंदीनं रिकाम्या राहिलेल्या जागांनी सरकारी शाळेवरचा हा विश्वास सर्वांत जास्त घालवला.

सर्वांत जोरदार आक्षेप राजकारणाचा आहे. जिल्हा परिषदेच्या हाती हायस्कूल दिलं तर बदल्यांचा बाजार भरेल, अशी भीती शिक्षकांनाच जास्त आहे. ती भीती अनुभवातून आलेली आहे, पण २०१७च्या धोरणानं प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या आणि त्या बाजाराचं मोठं दुकान बंद झालं. भरतीही शासनाच्या पवित्र या ऑनलाइन पोर्टलवरून होते. उलट लोकनियुक्त मंडळ नसलं की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. मार्च २०२२ मध्ये बुलढाण्यासह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची अनेक वर्षं तिथं प्रशासक राहिले. त्या काळात शिक्षण समितीच्या बैठकीत उभा राहून एखाद्या गावच्या शिक्षकाची रिकामी जागा विचारणारा सदस्यच नव्हता. याच काळात, २०२५ मध्ये, मुंबई-पुण्याच्या गर्दीसाठी आखलेली अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, आणि गावातल्याच शाळेत अकरावी घेणाऱ्या मुलीलाही पसंतिक्रम भरत बसावं लागलं.

सुरुवात मात्र लहान पावलानं करता येईल. आठवी पास झालेल्या प्रत्येक मुलाचा ओळखक्रमांक आता यू-डायस या शालेय माहितीप्रणालीच्या नोंदीत असतो. जुलैअखेर त्यातला कोणता क्रमांक कोणत्याच नववीत नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्याच्या संगणकावर दिसू शकतं. केंद्रप्रमुखाला त्या घरचा रस्ता माहीत असतो. या यादीवर त्यानं सही करावी आणि ऑगस्टच्या शिक्षण समितीच्या सभेत ती गावनिहाय वाचली जावी. यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवा कायदा. आठवीला थांबणारं केंद्रप्रमुखाचं काम बारावीपर्यंत नेणारा एक शासन निर्णय पुरतो.