अण्णाभाऊंची मैना कोण?

लोककवीच्या रचनेचा अर्थ लावताना सुशिक्षितांची एक सवय हमखास आड येते. शब्दांत सांगितलेले असते ते केवळ टरफल आणि खरा अर्थ त्याच्या आत दडलेला, असे गृहीत धरूनच ते रचनेकडे वळतात. शाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड या सवयीच्या तावडीत सापडली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती जन्मली आणि गाजली. तेव्हा मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला मराठी मुलूख, असे एका वाक्याचे उत्तर देऊन विषय मिटवला जातो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि त्यातून जे निसटते, ते या रचनेचे काळीज आहे.

छक्कड काय सांगते, ते आधी नीट ऐकले पाहिजे. एक गरीब माणूस पोटासाठी मुंबईला निघतो. त्याची मैना गावीच राहते. लावणीच्या परंपरेला शोभेल असे तिचे रूपवर्णन येते, परंतु ते बैठकीतल्या शौकिनाच्या नजरेचे नाही. ते नवऱ्याच्या आठवणीतले आहे. म्हणूनच तिला सीतेची उपमा मिळते. निरोपाच्या वेळी तो तिला दागिन्यांचे वचन देतो: कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ. मग मुंबई येते. बेकारांच्या गर्दीत त्याचीही भर पडते, भोवती श्रीमंतीचा झगमगाट असतो, आणि त्यातूनच तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापाशी पोहोचतो. शेवटी शाहीर उघडपणे म्हणतो की, मैनेवाचून आपली जी गत झाली, तीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यावाचून महाराष्ट्राची झाली आहे.

येथेच अर्थाचा उलगडा होतो. कवीने काहीही लपवलेले नाही. तुलना त्याने स्वतःच केली आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे रूपक नसून उपमा आहे, आणि तिच्यात मैना हे उपमान आहे. श्रोत्याला जे ठाऊक असते, त्याच्या आधारे जे ठाऊक नसते ते समजावून देणे हे उपमानाचे काम. राज्यपुनर्रचनेचे नकाशे आणि अहवाल गिरणी कामगाराने पाहिलेले नव्हते. बायको गावी ठेवून खोलीत दाटीवाटीने राहणे, खानावळीत जेवणे आणि मनीऑर्डर धाडणे मात्र त्याच्या अंगवळणी पडले होते. तुटलेला प्रदेश म्हणजे काय, हे त्याला ताटातुटीच्या अनुभवातून कळले. मैना खरी नसेल, तर महाराष्ट्राचे दुःखही खरे वाटणार नाही. आणि ती केवळ प्रदेशाचे प्रतीक असेल, तर ते दागिने कोणासाठी? कफल्लक माणसाने दिलेली ती यादी म्हणजे न फिटणाऱ्या ऋणाची नोंद आहे.

वाटेगावाहून लहानपणीच मुंबईत आलेल्या, गिरणीत राबलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहिणाऱ्या अण्णाभाऊंना हे जीवन पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९४४ साली अमरशेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हापासून त्यांच्यासमोर बसलेला श्रोता याच वर्गातला होता.

पुढचा इतिहासही या दुहेरी अर्थाची साक्ष देतो. बेळगाव, कारवार १ नोव्हेंबर १९५६ रोजीच म्हैसूर राज्यात गेले होते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. डांग, उंबरगाव गुजरातेत गेले. सीमेचे भांडण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोहोचले. पण राज्य मिळाले म्हणून कामगाराची मैना मुंबईला आली काय? पुष्कळांच्या बाबतीत नाही. गिरण्यांचा भोंगा वाजत राहिला, खोल्या तशाच भरलेल्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यांतले अनेक जण अखेर गावी परतले. मैनेला तिचा माणूस मिळाला, पण रिकाम्या हातांनी. साज आणि वज्रटीक गाण्यातच राहिली.

म्हणून या छक्कडीचा अर्थ शिकवताना वा समजून घेताना ‘मैना म्हणजे महाराष्ट्र’ एवढ्यावर थांबणे हा त्या स्त्रीवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरतो. गरिबीने तिला एकदा गावी मागे ठेवले. अर्थ लावणाऱ्यांनी तरी तिला मागे ठेवू नये. शाहिराने प्रदेशाचे आणि बाईचे दुःख एकाच तराजूत तोलले. त्यातले एक पारडे उतरवून ठेवण्याचा अधिकार कोणाही टीकाकाराला नाही.