मीठ दीर्घ, मिठात ऱ्हस्व

‘मी काल बाजारात गेली.’

मैत्रिणींनो, या वाक्यात काही चूक आहे का? पुण्यामुंबईकडच्या वाचक भगिनी एव्हाना हसल्याही असतील. आमच्या नागपूरकडच्या मात्र वाक्य दोनदा वाचतील आणि म्हणतील, “यात काय चुकलं बाई?” माझ्या धाकट्या जावेनंही नेमकं हेच विचारलं होतं. असल्याच वाक्यांनी तिची नोकरी हुकली, असं तिला वाटतं, आणि मला ते सर्वस्वी खोटं म्हणवत नाही.

मनीषनगरात आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी आणि सासूबाई, वर जाऊ. सकाळची कामं आटोपली की मी जवळच्या एका शिकवणी वर्गात दोन तास मराठी शिकवते. बी. ए. ला मराठी होतं, तेवढ्या शिदोरीवर. जाऊ उमरेडकडची; हिशेबात माझ्या दुप्पट हुशार. २०२३ साली तलाठी भरती निघाली तेव्हा तिनं हजार रुपये फी भरून अर्ज केला. राज्यात जागा साडेचार हजारांवर आणि अर्ज दहा लाखांवर! प्रश्न १००, गुण २००. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन यांचे २५-२५ प्रश्न. तिला वाटलं, मराठीचे ५० गुण आपल्या हक्काचे, धास्ती ती इंग्रजीची. म्हणून पोरगं निजलं की रात्री बारापर्यंत इंग्रजीच घोकायची. पुढे उत्तरतालिका लावून पाहिली तेव्हा इंग्रजीत १६ बरोबर निघाले आणि मराठीत १३.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “आण तुझं ते सरावाचं पुस्तक. मराठीचा एक पेपर मी सोडवून दाखवते.” बसले. मैत्रिणींनो, माझे २५ पैकी १७ आले. चष्मा पुसून पुन्हा मोजले, तरी १७च. मराठी शिकवणाऱ्या बाईचे आठ प्रश्न चुकले होते! त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, पण ते जाऊ द्या.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. पेपरात म्हणी आणि वाक्प्रचारांचे सहा प्रश्न होते. जावेचे तीन बरोबर आले, माझे पाच. सासूबाई खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. शाळा चौथीपर्यंत. मी सहज मोठ्यानं प्रश्न वाचत गेले आणि त्या मान वर न करता उत्तर देत गेल्या. सहाच्या सहा बरोबर.

‘कानावर हात ठेवणे’ म्हणजे काय? जावेनं खूण केली होती ‘ऐकण्याचे टाळणे’ या पर्यायावर. चित्र डोळ्यांपुढे आणलं तर तसंच वाटतं ना? सासूबाई म्हणाल्या, “छे! ‘मले काही मालूमच नाही’ म्हणते न लोकं, ते.” अगदी तेच, माहीत नसल्याचं दाखवणे. वाक्प्रचारात शब्दांचा सरळ अर्थ घेतला की पाय घसरलाच म्हणून समजा. परीक्षकही लबाड, सरळ अर्थाचा एक पर्याय तो मुद्दाम ठेवतो. कान तोच, पण कानाला खडा लावणे म्हणजे पुन्हा तसं न करण्याचा निश्चय करणे, कान फुंकणे म्हणजे चहाडी करणे आणि कान टोचणे म्हणजे चूक दाखवून देणे. पोटात ठेवलं तर गुपित राहतं, पोटात घातलं तर अपराधाची क्षमा होते. सगळा अर्थ क्रियापदात असतो. आपला पदरच बघा ना. पसरला तर याचना, खोचला तर कामाला सज्ज आणि मोडला तर, म्हणजे पदरमोड केली तर, स्वतःच्या खिशाला खार!

सासूबाईंना हे येतं कारण त्यांनी जातं ओढलं आहे, उखळात कांडलं आहे. ‘उखळ पांढरे होणे’ म्हणजे भरभराट होणे, हे माझ्या वर्गातल्या मुलींना पाठ करावं लागतं. मिक्सरच्या जमान्यात उखळ कुठलं दिसणार? घरात धान्य असेल तर कांडण होणार आणि कांडण असेल तर उखळाला पांढरेपणा राहणार, असं समजावलं की पुन्हा विसरत नाहीत. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हणसुद्धा सुपातून मूठमूठ दाणे जात्यात पडताना ज्यांनी पाहिले त्यांना सांगावी लागत नाही. म्हणून माझं सांगणं, या प्रश्नांसाठी शंभर वाक्प्रचारांची यादी घोकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी आठ दिवस बसा. यादी नंतर.

पण आता गंमत ऐका. सहापैकी सहा मिळवणाऱ्या ह्याच सासूबाई व्याकरणाच्या प्रश्नांत सपशेल आपटल्या. कारण त्यांच्या कानाला ‘मी गेली’ हेच बरोबर. प्रमाण मराठीत बाई स्वतःबद्दल बोलताना ‘मी गेले, मी आले, मी बसले’ म्हणते; ‘गेली’ हे ‘ती’साठी. विदर्भात आपण दोन्हीकडे ‘गेली’ वापरतो आणि कुणाचं काही अडत नाही. तसंच ‘मी स्वयंपाक करून राहिली’. प्रमाण भाषेत ‘मी स्वयंपाक करत आहे’.

नागपूरच्या कानावर हिंदीचाही हात फिरलेला आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी एकाच अंगणात खेळल्या. म्हणून आपल्याकडे भांडं पडलं की ‘आवाज आली’. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. तेव्हा ‘आवाज आला’. ‘माझी मदत कर’ हे हिंदी वळण, मराठीत ‘मला मदत कर’. ‘विश्वास करते’ नव्हे, ‘विश्वास ठेवते’. ही वाक्यं परीक्षेत समोर आली की कान सांगतो, ठीक आहे, पुढे चल. तिथेच थांबायचं. वाक्प्रचारात कानावर भिस्त ठेवायची आणि लिंग, वचन, क्रियापद यांत कानाला जरा दटावून नियम विचारायचा, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

हे ठरलं त्या दुपारी जाऊ एकदम फणकारली. “म्हणजे ताई, माह्या आईनं मले जे शिकवलं ते चूकच का?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पटकन उत्तर सुचेना. शाळेत असताना मीही ‘मी आली’ म्हटल्यावर एका बाईंनी सगळ्या वर्गाकडून ते हसतहसत म्हणवून घेतलं होतं, ते आठवलं. अजून कानशिलं तापतात. उत्तर दिलं सासूबाईंनी. “चूक कायले? तहसीलीत अर्ज देतो तं अर्जनवीस लिहून देते तसाच देतो न? का आपल्या बोलीत देतो? हेही तसंच समज.”

ही प्रमाण भाषा काही आकाशातून पडलेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. (‘मराठी भाषेचे पाणिनी कोण?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, उत्तर, दादोबा.) आणि आज ज्यावर गुण कापले जातात ते शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली चौदा नियम मान्य झाले, १९७२ साली चार वाढले, असे एकूण अठरा. माझ्या आजीच्या पत्रांत ‘घरीं’, ‘मुलें’ असे अनुस्वार असत. १९६२ नंतर ते गेले. म्हणजे आजच्या पेपरात आजीही चुकली असती! आणि आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात जिनं धवळे रचले, ती महदंबा मराठीतली आद्य कवयित्री. तिची मराठी आजच्या तालिकेला लावली तर किती गुण पडतील? हे ऐकून जाऊ जरा हसली. पुस्तक पुन्हा उघडलं.

शुद्धलेखनाला मात्र ती फार भ्यायची. पहिली वेलांटी की दुसरी? तिला मी स्वयंपाकघरातच शिकवलं. मीठ, पीठ, दूध, तूप, खीर, चूल. डब्यावर चिठ्ठी लावायची तर सगळे दीर्घ. पण त्यांना काही चिकटलं की ऱ्हस्व: मिठात, पिठाला, दुधाचं, तुपात, खिरीत, चुलीवर. नात्यांतही तेच. दीर पण दिराला, सून पण सुनेला, बहीण पण बहिणीला. (सासरी आल्यावर सून ऱ्हस्व होते, असं जाऊ म्हणाली. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. सासूबाई जाग्या होत्या.) संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आखडत नाहीत: पूजा–पूजेला, शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेला. मग मी तिला सोपी खूण सांगितली, देवघरातला शब्द तसाच ठेव, स्वयंपाकघरातला आखूड कर. पंधरा आणे चालते. एक आणा फसते, कारण देवाला वाहायचं फूल अस्सल मराठी, ते ‘फुलाला’ होतं. काही शब्द फोडून बघावेत. महत् अधिक त्व, म्हणून महत्त्वात दोन त. उत् अधिक ज्वल, म्हणून उज्ज्वलात दोन ज. वर्धा रोडच्या उज्ज्वलनगर मेट्रो स्थानकापाशी आलं की जाऊ बोटं मोजते.

प्रयोगांचं तर सर्वांनाच वावडं. माझे आठांतले दोन तिथेच गेले. युक्ती अशी, की कर्ता बदलून बघायचा. ‘जाऊ भाजी चिरते’ याचं ‘दीर भाजी चिरतो’ केलं की क्रियापद बदललं, म्हणून कर्तरी. ‘जावेने भाजी चिरली’ याचं ‘दिराने भाजी चिरली’ केलं (व्याकरणात तरी चिरली!) तर क्रियापद ढिम्म. भाजीऐवजी कांदा घ्या, ‘कांदा चिरला’ होतं. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, म्हणून कर्मणी. ‘आईने बाळाला निजवले’ यात आईचे बाबा करा नाहीतर बाळाची मुलगी करा, ‘निजवले’ हलत नाही, म्हणून भावे. फसगत होते ती ‘मी पोळ्या लाटल्या’ मध्ये. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून कर्तरी वाटतं. पण पोळ्यांऐवजी पोळी घ्या, ‘लाटली’ होतं. तेव्हा कर्मणीच. माझा हाच चुकला होता आणि वीस वर्षं पोळ्या लाटते आहे!

आणखी एक. ‘तिने पाकीट विसरली’ असं ऐकू येतं ना? विसरणे, शिकणे, बोलणे या क्रियापदांना भूतकाळात ‘ने’ चालत नाही. ‘ती पाकीट विसरली’, ‘ती शिवण शिकली’. म्हणणे जरा लहरी आहे: ‘ती म्हणाली’ किंवा ‘तिने म्हटले’. ‘ती म्हटली’ नाही.

बाकी पेपर सोडवण्याबद्दल थोडकं. प्रश्नात ‘अयोग्य’ शब्द आहे की ‘योग्य’, यावर आधी बोट ठेवा. जावेचे दोन प्रश्न केवळ घाईनं गेले होते. तलाठीच्या त्या परीक्षेत चुकीला गुण कापत नव्हते, तरी तिनं तीन प्रश्न भीतीनं रिकामे सोडले. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत कापतात, तेव्हा सूचना वाचूनच ठरवा. पुस्तक म्हणाल तर मो. रा. वाळंबे यांचं सुगम मराठी व्याकरण पुरेसं आहे. दहा पुस्तकं आणून कपाट भरू नका.

जाऊ आता छत्तिशीत आहे आणि खुल्या प्रवर्गाला मर्यादा अडतीसची. सध्या रोज दुपारी तीनला ती जिन्यावरून ओरडते, “ताई, मी आली!” आणि वहीत पहिलं वाक्य लिहिते, ‘मी आले.’ मागच्या रविवारच्या पेपरात तिला २५ पैकी २१ पडले. मला २२. सासूबाईंनी पेपर सोडवायला नकार दिला.

तुम्हीही ही पाच सोडवून पाहा. एक, ‘शेजारणीने माझी मदत केली’ की ‘मला मदत केली’? दोन, ‘बहीणीचे पत्र’ की ‘बहिणीचे पत्र’? तीन, ‘पारंपारिक’ की ‘पारंपरिक’? चार, ‘मी लाडू वळले’, प्रयोग कोणता? पाच, ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ म्हणजे लग्न मोडणे, साफ नकार देणे की थाटात स्वागत करणे?

उत्तरं अशी. मला मदत केली. बहिणीचे. पारंपरिक, कारण ते परंपरेवरून आलं. कर्मणी, लाडू एकच असता तर ‘वळला’ झालं असतं. आणि पाचव्याचं, साफ नकार देणे. हे सासूबाईंना विचारून लिहिलं आहे.