आर्चबिशप रोमेरोंची रविवारची यादी

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा चालू असताना, वेदीपाशीच गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. रोमेरोंविषयीचे बहुतेक लेखन या दोन तारखांभोवती फिरते. त्यात त्यांचे मरण ठळक होते आणि आर्चबिशप म्हणून केलेल्या तीन वर्षांच्या कामाची रीत झाकली जाते. माझ्या मते त्यांचा खरा वारसा त्या रीतीतच आहे. गरिबांचा कळवळा असलेले धर्मगुरू त्या देशात आधीही होते. रोमेरोंनी त्या कळवळ्याला पुराव्याची शिस्त लावली. कोणाला मारले, कुठे मारले, कोणाला उचलून नेले, याची चौकशी करायची आणि ते साऱ्या देशाला ऐकू जाईल असे सांगायचे, ही ती शिस्त.

ही शिस्त त्यांच्याकडे पहिल्यापासून नव्हती. १९७४ मध्ये ते सांतियागो दे मारिया या कॉफीच्या मुलखात बिशप झाले. तोडणीच्या हंगामात आलेले मजूर रात्री थंडीत उघड्यावर झोपतात हे पाहून त्यांनी चर्चच्या इमारती त्यांच्यासाठी उघडल्या. जून १९७५ मध्ये त्रेस कायेस या वस्तीत नॅशनल गार्डच्या जवानांनी शेतकऱ्यांना ठार केले, तेव्हा ते मृतांच्या घरी सांत्वनाला गेले. राष्ट्राध्यक्ष मोलिना यांना त्यांनी निषेधाचे पत्रही लिहिले, पण ते खासगी. जाहीरपणे ते काही बोलले नाहीत. त्या वेळचे त्यांचे दुःख खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते सत्ताधाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचले आणि तिथेच विरले. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते आर्चबिशप झाले, तेव्हा जमीनदारवर्ग निर्धास्त होता तो याच अनुभवामुळे. १२ मार्चला त्यांचे मित्र, येशूसंघीय धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. गाडीतला एक म्हातारा आणि एक कोवळा मुलगाही त्यांच्याबरोबर मारला गेला. या वेळी रोमेरोंनी चौकशीची मागणी उघडपणे केली आणि ती होईपर्यंत सरकारी समारंभांना न जाण्याचे जाहीर केले. पुढच्या रविवारी धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली.

त्यानंतर कामाची घडी बसली. ‘सोकोरो हुरिदिको’ या कायदेविषयक मदतकेंद्राला त्यांनी धर्मप्रांताचे छत्र दिले. खेड्यापाड्यांतून आलेल्या आया, बायका, भाऊ तिथे जबानी देत. वकील ती लिहून घेत आणि बेपत्ता माणसांसाठी न्यायालयात अर्ज करत. यातून हाती आलेली माहिती रविवारच्या प्रवचनात येई. रोमेरो आधी बायबलमधील त्या दिवसाच्या वाचनांवर सविस्तर बोलत आणि मग आठवड्याच्या घटनांकडे वळत. माणसाचे नाव, गाव, काय घडले, सगळे सांगत. चर्चचे वायएसएएक्स हे रेडिओ केंद्र ते प्रसारित करी आणि घरोघरी ट्रान्झिस्टर लागलेले असत. मोठी वृत्तपत्रे श्रीमंतांच्या हातात होती, त्यांत या बातम्या येत नसत. असा माणूस आमच्या ताब्यात नाहीच, असे ठाण्यावर ऐकून परतलेल्या आईला मुलाचे नाव आर्चबिशपांच्या तोंडून ऐकू आले की सरकारचा तो नकार साऱ्या देशासमोर खोटा पडे. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राचे प्रक्षेपण यंत्र स्फोटाने उडवले गेले. या शब्दांची धास्ती कोणाला होती, ते यावरून दिसते.

धर्मगुरूने राजकारण करू नये, हा आक्षेप तेव्हाही होता. देशातल्या बिशपांपैकी बहुतेकजण त्यांच्या विरोधात होते आणि रोमपर्यंत तक्रारी जात होत्या. पण मृताचे नाव घेणे हे राजकारण ठरत असेल, तर दोष ते नाव दडपणाऱ्या राजवटीचा आहे. ते डाव्यांच्या आहारी गेले होते, हा दुसरा आरोप तारखांपुढे टिकत नाही. १९७७ मध्ये डाव्या गनिमी गटाने परराष्ट्रमंत्री बोर्गोनोवो यांचे अपहरण केले, तेव्हा रोमेरोंनी त्यांच्या सुटकेसाठी आवाहन केले आणि हत्येनंतर त्यांची अंत्यविधीची मिस्सा स्वतः अर्पण केली. याच सुमारास, ११ मे रोजी, सूड म्हणून उजव्या मारेकऱ्यांनी धर्मगुरू आल्फोन्सो नावारो यांना संपवले. रोमेरोंनी दोन्ही खुनांचा धिक्कार केला. सरकारी अत्याचारांची यादी लांब होती, कारण ते अत्याचारच कितीतरी अधिक होते.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. या नोंदींनी वाचले कोण? निरपराधांना मारण्याचा हुकूम देवाच्या आज्ञेपुढे बंधनकारक नाही, असे २३ मार्चला सैनिकांना सांगणाऱ्या रोमेरोंचाच दुसऱ्या दिवशी बळी गेला. पुढे १२ वर्षे यादवी चालली आणि सुमारे ७५ हजार माणसे मेली. ढाल म्हणून ही यादी अपुरी पडली, हे मान्यच केले पाहिजे. पण तिचे काम रोमेरोंच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. १९८२ मध्ये धर्मप्रांताने ‘तुतेला लेगाल’ हे कार्यालय उघडून तीच पद्धत पुढे नेली आणि एल मोसोते इथल्या डिसेंबर १९८१ च्या हत्याकांडातील मृतांची नावे चिकाटीने गोळा केली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने रोमेरोंच्या खुनाचा आदेश माजी मेजर रोबेर्तो दाउबिस्सोन यांनी दिल्याचे नोंदवले. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. २०१३ मध्ये खुद्द धर्मप्रांताने ‘तुतेला लेगाल’ एकाएकी बंद केले, तेव्हा आपल्या जबान्यांचे कागद जातील या भीतीने पीडितांची कुटुंबे रस्त्यावर आली. माफीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी सान फ्रान्सिस्को गोतेरा इथल्या न्यायालयात एल मोसोतेचा खटला पुन्हा उघडला गेला.