नव्या ग्रुपमध्ये कोणी कोणता क्लास घ्यावा?

सोसायटीतली काही मुलं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' सुरू करतायत. परवा विचारायला आली, कोणी काय घ्यायचं? सगळ्यांनाच विझार्ड हवा होता!

२०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये १२ क्लास आहेत. सगळे वाचत बसू नका. आपल्या पाळीला किती पर्याय डोक्यात ठेवायला आवडेल, तेवढं ठरवा.

फार डोकेफोड नको असेल तर फायटर किंवा बार्बेरियन. बार्बेरियनचा हिट डाय १२ बाजूंचा, विझार्डचा ६ बाजूंचा. म्हणजे पहिल्या लेव्हलला दोन गोब्लिन अंगावर आले की विझार्ड आडवा होऊ शकतो. शिवाय त्याच्या वहीत सुरुवातीलाच ६ मंत्र. वाचायची हौस असेल त्यानेच घ्यावा.

माझा जीव मात्र क्लेरिकवर. हिट पॉइंट शून्यावर आले की दर पाळीला २० बाजूंचा फासा टाकायचा. १० च्या खाली आलं की अपयश, तीन अपयशं झाली की पात्र संपलं. अशा वेळी क्लेरिकचा 'हीलिंग वर्ड' ६० फुटांवरूनही पोहोचतो. तोही बोनस ॲक्शनमध्ये, त्यामुळे त्याच पाळीत गदाही चालवता येते. एक पॉइंट मिळाला तरी गडी शुद्धीवर! तेव्हा टेबलावर जो जल्लोष होतो ना, त्यासाठीच मी खेळतो.

पण क्लेरिक कुणाच्या गळ्यात मारू नका. बार्ड आणि ड्रुइडलाही हा मंत्र घेता येतो.

तुम्ही किती जण आहात, कुणाला काय आवडतं ते सांगा. मिळून ठरवू.