पोटातला फुगा आणि रोजची कामं

मुतखड्यासाठी सोनोग्राफी करावी आणि पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा निघावा, असं घडतं. मग माणूस खाटेवरून उतरायलाही भितो. तसं भिण्याचं कारण नाही.

ही रक्तवाहिनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ वर गेली की फुगा म्हणतात. पुरुषांत ५.५ ला ऑपरेशनचा विचार होतो. त्याखाली फुटण्याचा धोका कमी. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीला पुन्हा सोनोग्राफी चुकवू नये. बांधावरून चालणं, उसाला दारं धरणं, जिना चढणं यानं फुगा सहसा फुटत नाही. जपायचं ते श्वास कोंडून युरियाचं ४५ किलोचं पोतं उचलताना अन् शौचाला कुंथताना, कारण त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. फुगा मोठा असेल तर वजनाची कामं डॉक्टरांना विचारूनच करावीत.

खरा वैरी बिडी-सिगारेट. तिच्यामुळं फुगा होतो आणि वाढतोही लवकर. पोत्याला भिणारा गडी बिडी ओढत ओढत भितो, याला काय म्हणावं! बिडी ओढणाऱ्या पुरुषांनी पासष्टी ओलांडली की एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

पोटात किंवा पाठीत अचानक जीवघेणी कळ येऊन भोवळ आली, तर घरी शेकत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात तडक न्या.