एसेकिबोचा वाद आणि गयानाचे सैन्य

गयाना म्हटले की भारतीय साहित्याच्या अभ्यासकास प्रथम आठवतो तो गिरमिटियांचा प्रवास. १८३८ मध्ये कलकत्त्याहून निघालेले मजूर ज्या ब्रिटिश वसाहतीत उतरले, तिची पश्चिम सीमा मात्र तेव्हा निश्चित झालेली नव्हती. आजच्या गयानाच्या संरक्षणाचा प्रश्न याच अनिश्चिततेतून उद्भवला आहे. एसेकिबो नदीच्या पश्चिमेकडील सुमारे १,५९,५०० चौरस किलोमीटर प्रदेशावर, म्हणजे गयानाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर, स्पेनचा वारस या नात्याने व्हेनेझुएला हक्क सांगतो.

या वादाच्या मुळाशी दोन संहिता आहेत. पहिली, पॅरिस येथील लवादाचा ३ ऑक्टोबर १८९९ चा निवाडा. लवादात दोन ब्रिटिश, दोन अमेरिकन व अध्यक्ष म्हणून रशियन विधिज्ञ मार्टेन्स होते. व्हेनेझुएलाचा एकही पंच नव्हता. ओरिनोको नदीचे मुख व्हेनेझुएलास व उरलेला बहुतांश प्रदेश ब्रिटनला, असा हा एकमताचा निर्णय. परंतु त्यात कारणे मुळीच दिलेली नाहीत. दुसरी संहिता व्हेनेझुएलाच्या बाजूचे एक वकील सेव्हेरो मॅले-प्रेव्हो यांची. १९४४ मध्ये त्यांनी एक टिपण सांगून लिहवून घेतले. ते त्यांच्या निधनानंतर, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाले. मार्टेन्स यांनी अमेरिकन पंचांवर दडपण आणून एकमत घडविले, असा त्याचा आशय. याच्या आधारे १९६२ मध्ये व्हेनेझुएलाने संयुक्त राष्ट्रांत निवाडा अवैध असल्याचे प्रतिपादन केले.

पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकास या टिपणाचे दौर्बल्य सहज जाणवेल. साक्षीदार एका पक्षाचा, आठवण पंचेचाळीस वर्षांनंतरची, आणि प्रसिद्धीच्या वेळी उत्तर द्यावयास एकही पंच हयात नाही. तेवढ्यावरून आंतरराष्ट्रीय निवाडा कोसळावा, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तथापि निवाडा स्वतःच मूक राहिल्यामुळे या टिपणास बोलावयास जागा मिळाली, हेही नाकारता येत नाही.

गयाना संरक्षण दलाची स्थापना १९६५ ची. देश स्वतंत्र झाला २६ मे १९६६ रोजी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हेनेझुएलाने कुयुनी नदीतील आंकोको बेट संपूर्णपणे ताब्यात घेतले, आणि नवजात सैन्यास काही करता आले नाही. जानेवारी १९६९ मधील रुपुनुनीचे बंड अधिक गंभीर होते. दक्षिणेकडील गवताळ प्रदेशातील पशुपालक कुटुंबांनी लेथेमचे पोलीस ठाणे घेतले, पाच पोलीस मारले गेले. राजधानीहून तेथे धड रस्ता नसल्याने तुकड्या विमानाने न्याव्या लागल्या. बंड मोडले; म्होरके व्हेनेझुएलात निघून गेले. १९७० च्या करारान्वये हा वाद बारा वर्षे गोठविण्यात आला, १९८२ मध्ये ती मुदत संपली.

२०१५ मध्ये समुद्रात खनिज तेल सापडले आणि प्रश्नाचे मोल बदलले. २०१८ मध्ये गयानाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. २०२० मध्ये न्यायालयाने आपले अधिकारक्षेत्र मान्य केले. डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने एसेकिबोबाबत सार्वमत घेतले. त्या दिवसांत ब्राझीलने रोराइमा राज्याच्या सीमेवर सैन्य वाढविले. याचे कारण भूगोलात आहे: व्हेनेझुएलाकडून एसेकिबोत थेट रस्ता नाही, मधे घनदाट अरण्य, मोठ्या फौजेस सोयीची वाट ब्राझीलमधूनच जाते. सेंट व्हिन्सेंट येथे १४ डिसेंबर रोजी दोन्ही अध्यक्षांनी बळाचा वापर न करण्याचे मान्य केले.

घोषणेने अरण्यातील दैनंदिन धोका मात्र संपला नाही. कुयुनीच्या दोन्ही तीरांवर सोन्याच्या खाणी आहेत, आणि पलीकडच्या सशस्त्र टोळ्यांना सीमारेषेचे सोयरसुतक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नदीवरील रसदीच्या फेरीवर गोळीबार होऊन सहा सैनिक जखमी झाले. केवळ काही हजारांच्या या दलास लढाऊ सामर्थ्यापेक्षा टेहळणी व वाहतूक यांची निकड अधिक आहे. २०२४ मध्ये भारताने कर्जसाहाय्याने दिलेली दोन डॉर्नियर विमाने याच कामासाठी आहेत.